निवडणुकीच्या दिवसांत मंडळी एकत्र राखण्यासाठी: तयारी, बोलण्याचा क्रम आणि नेहमीच्या चुका

महाराष्ट्रातल्या बहुतेक मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये, म्हणजे स्थानिक चर्चच्या सभासदांच्या समूहांमध्ये, राजकीय वादावरचा उपाय वाद पेटल्यावर शोधला जातो. मंडळीच्या ग्रुपवर दोघांची जुंपते, एखादे कुटुंब उपासनेला येईनासे होते, मग पाळकसाहेब (मंडळीचे धर्मसेवक) पुलपिटवरून, म्हणजे प्रवचनाच्या व्यासपीठावरून, "मंडळीत राजकारण आणू नका" असे बजावतात, आणि त्याच आठवड्यात कमिटीतला एखादा सभासद उमेदवाराला हार घालताना फोटोत दिसतो. यातली प्रत्येक गोष्ट करणाऱ्याचा हेतू बहुधा चांगलाच असतो. चुकतो तो क्रम. बोलण्याचे नियम शांततेच्या काळात ठरवावे लागतात, ते आधी पदाधिकाऱ्यांनी स्वतःला लावून घ्यावे लागतात, आणि त्यानंतरच सभासदांकडून त्यांची अपेक्षा धरता येते.

पुढचे टप्पे ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत कोणत्याही निवडणुकीला लागू पडतात. ग्रामपंचायतीला तर जरा जास्तच, कारण तिथला उमेदवार मंडळीतल्याच कोणाचा तरी साडू किंवा चुलतभाऊ असतो. लेखात मंडळी, पाळक, पास्टोरेट कमिटी (मंडळीचा कारभार पाहणारी समिती) हे शब्द वापरले आहेत. कॅथलिक वाचकांनी त्या जागी धर्मग्राम, धर्मगुरू आणि धर्मग्राम परिषद असे वाचावे.

## टप्पा १: आचारसंहिता लागण्यापूर्वी मतभेदांची यादी

हे काम निवडणुकीच्या निदान दोन महिने आधी करावे. पाळक आणि तीन-चार जाणत्या सभासदांनी बसून, मंडळीत ज्या विषयांवरून आवाज चढतात त्यांची यादी करावी आणि ती तीन रकान्यांत वाटावी.

पहिला रकाना श्रद्धेचा. प्रत्येक माणूस देवाच्या प्रतिरूपात निर्माण झाला आहे, खोटी साक्ष देऊ नये, गरिबाचा न्याय डावलू नये, राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करावी (बायबल, १ तीमथ्य २:१-२) या गोष्टी येथे येतात. यांवर मंडळीने मोकळेपणाने आणि एका आवाजात बोलावे.

दुसरा रकाना विवेकबुद्धीचा. येथे श्रद्धा एक असूनही निष्कर्ष वेगळे निघतात. दलित ख्रिस्ती लोकांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळावा की नाही, हे याचे ठळक उदाहरण आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात हा दर्जा मुख्यतः हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध समाजाचा त्यात समावेश झाला, ख्रिस्ती समाजाचा झाला नाही, आणि या प्रश्नाच्या अभ्यासासाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये आयोग नेमला. एकाच बाकावर बसणाऱ्या दोन कुटुंबांपैकी एकाला हा न्यायाचा प्रश्न वाटतो, तर दुसऱ्याला यातून जातीची नोंद पुन्हा चर्चच्या दारातून आत येईल अशी भीती वाटते. दोघांकडेही बायबलची वचने असतात आणि दोघांकडेही अनुभव असतो. अशा विषयांसाठी बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा १४वा अध्याय आहे. तिथे पत्राचा लेखक, प्रेषित पौल, कोणालाही आपले मत लपवायला सांगत नाही. प्रत्येकाने आपल्या मनाची पूर्ण खात्री करून घ्यावी आणि दुसऱ्याला तुच्छ मानू नये, असे तो सांगतो.

तिसरा रकाना पक्षाचा: कोणता उमेदवार, कोणती आघाडी, कोणते चिन्ह. हा विषय घरात, चहाच्या टपरीवर, मित्रांत बोलावा; मंडळीच्या नावाने तो कधीच बोलू नये.

बहुतेक भांडणे एका रकान्यातला विषय गुपचूप दुसऱ्यात सरकवल्यामुळे होतात. "खरा ख्रिस्ती अमुक पक्षाला मत देणारच नाही" असे म्हणणारा तिसऱ्या रकान्यातली गोष्ट पहिल्यात नेतो. उलट दिशेची चूक तितकीच घातक आहे आणि ती सभ्य दिसत असल्यामुळे लवकर लक्षात येत नाही: कुठे प्रार्थनासभेवर हल्ला झाला, त्यासाठी प्रार्थना मागितली, की "हे राजकारण झाले" म्हणून ती थांबवणारा पहिल्या रकान्यातली गोष्ट तिसऱ्यात ढकलतो.

मतभेद कागदावर आणले तर फूट वाढेल, अशी शंका कमिटीत हमखास निघते. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा वेगवेगळ्या चर्च-परंपरांनी एकत्र येऊन स्थापन झाली, तेव्हा बालकांचा बाप्तिस्मा आणि प्रौढांचा बाप्तिस्मा या दोन्ही पद्धती तिने लेखी मान्य केल्या. बाप्तिस्म्यासारख्या विषयावरचा फरक नोंदवून एकत्र राहता येत असेल, तर नगरसेवकाच्या निवडीवरचा फरक नोंदवायला भिण्याचे कारण नाही.

पडताळणी: यादी दोन विरुद्ध मतांच्या सभासदांना स्वतंत्रपणे वाचायला द्यावी. "माझे म्हणणे बरोबर मांडले आहे" असे दोघांनीही म्हटले, तरच पुढे जावे.

## टप्पा २: कायदा समजून घेणे आणि लेखी ठराव करणे

सभासदाचे मत आणि पदाधिकाऱ्याचे मत यांत फरक आहे, आणि तो कायद्यालाही मान्य आहे. निवडणूक आयोगाच्या आदर्श आचारसंहितेनुसार चर्च, मशीद, मंदिर अथवा कोणतेही प्रार्थनास्थळ प्रचाराचे व्यासपीठ म्हणून वापरता येत नाही, आणि मतांसाठी जातीच्या किंवा धर्माच्या भावनेला आवाहन करता येत नाही. ही संहिता निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर होताच लागू होते. पण धार्मिक संस्थांचा दुरुपयोग रोखणारा १९८८ चा केंद्रीय कायदा बारा महिने लागू असतो. त्यात संस्थेची जागा राजकीय कामासाठी वापरू देणाऱ्या व्यवस्थापकाला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. चर्चच्या हॉलची चावी ज्या सचिवाच्या खिशात असते, त्याने ही ओळ दोनदा वाचावी.

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३ नुसार उमेदवाराने, किंवा त्याच्या संमतीने दुसऱ्या कोणी, धर्माच्या आधारावर मत मागणे हे भ्रष्ट आचरण ठरते. २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने अभिराम सिंग खटल्यात चार विरुद्ध तीन अशा बहुमताने निकाल दिला की, येथे उमेदवाराबरोबरच मतदाराचा धर्मही धरायचा. त्याच कलमात, अमुक प्रकारे मत दिले नाही तर देवाचा कोप होईल किंवा धर्मसंस्था शिक्षा करेल असे मतदाराला वाटायला लावणे हा अनुचित प्रभाव मानला आहे. पुलपिटवरून आवेशात निघालेले एक वाक्य येथवर पोहोचू शकते.

हे वाचून झाल्यावर कमिटीने एक पानाचा ठराव करावा. त्यात पुढील गोष्टी असाव्यात:

१. पाळक, सचिव, खजिनदार, तरुण संघाचे आणि महिला मंडळाचे पदाधिकारी पदावर असेपर्यंत मंडळीच्या नावाने कोणालाही पाठिंबा देणार नाहीत. कॅथलिक धर्मगुरूंना पक्षकार्यात सक्रिय भाग घेण्यास कॅनन लॉच्या (कॅथलिक चर्चच्या अंतर्गत कायद्याच्या) कलम २८७ ने तसाही मज्जाव केला आहे.

२. पदाधिकाऱ्याला प्रचार करायचाच असेल, तर तो तेवढ्या काळापुरता लेखी रजा घेईल.

३. मंडळीच्या नावाने निवेदन द्यावे लागलेच, तर ते कमिटीच्या बैठकीत मंजूर होऊनच जाईल आणि पहिल्या रकान्यातल्या विषयापुरतेच असेल.

४. सभासदाला आपले मत बाळगण्याचा, ते खाजगीत मांडण्याचा आणि कोणाला मत दिले हे न सांगण्याचा पूर्ण हक्क राहील.

सावधान: "कोणीही, कुठेही राजकारणावर बोलू नये" असा सरसकट ठराव करू नये. अशी बंदी चर्चच्या आवारात पाळली जाते आणि फाटकाबाहेर तेच बोलणे दुप्पट कडवट होऊन चार-चार जणांच्या वेगळ्या ग्रुपवर चालते, जिथे दुसरी बाजू ऐकायला कोणीच नसते.

## टप्पा ३: उमेदवार दारात आल्यावर

प्रचाराच्या दिवसांतला रविवार. दुसरे गीत चालू असताना बाहेर दोन-तीन गाड्या थांबतात, कार्यकर्ते मागच्या बाकांवर बसतात, आणि कोणीतरी वाकून सचिवाच्या कानात सांगते की साहेबांना फक्त "दोन शब्द" बोलायचे आहेत. बोलणे ठरलेले असते: दफनभूमीला कंपाउंड वॉल, आवारात पेव्हर ब्लॉक, फाटकाशी मोठा दिवा. मंडळीची गरज खरी असते, त्यामुळे नाही म्हणणे जड जाते.

काय करायचे ते आधी ठरलेले असावे. उमेदवार उपासनेला आला तर त्याला इतर पाहुण्यांसारखे बसवावे, गीतपुस्तक द्यावे, हस्तांदोलन करावे. जाहिरातींच्या (मंडळीला द्यायच्या सूचनांच्या) वेळी त्याचे नाव घेऊ नये, शाल-हार देऊ नये, माईक देऊ नये. उपासना संपल्यावर दाराशी पाळकांनी इतकेच म्हणावे: "साहेब, आपण आलात, बरं वाटलं. आमच्याकडे उपासनेत कोणत्याच उमेदवाराला बोलू देत नाही, असा कमिटीचा ठराव आहे. दफनभूमीच्या कामाचा अर्ज आम्ही नगरपालिकेत रीतसर देणार आहोत." ठराव लेखी असला की नकार व्यक्तीचा राहत नाही.

येथे होणारी चूक अशी की, पहिल्या उमेदवाराला भिडेपोटी बोलू दिले जाते आणि दुसऱ्याच्या वेळी नियम आठवतो. एकदा असे झाले की त्यानंतरच्या प्रत्येक प्रवचनात लोक पाळकांचा पक्ष शोधू लागतात.

## टप्पा ४: प्रवचन आणि जाहीर प्रार्थना

प्रवचनाबद्दल थोडक्यात. निवडणुकीच्या आठवड्यांत ठरलेला वचनपाठ (त्या रविवारसाठी नेमलेला बायबलचा उतारा) सोडून "प्रसंगोचित" उतारा निवडू नये. तो कोणाला उद्देशून आहे याचा हिशेब सगळे करतात. ठरलेल्या पाठात आमोस (गरिबांवरच्या अन्यायाबद्दल फटकारणारा संदेष्टा) आला तर आमोसावर बोलावे, कोणाला टोचेल म्हणून तो वगळू नये.

जाहीर प्रार्थनेला मात्र अधिक जपावे लागते, कारण प्रार्थनेला कोणी मध्येच उत्तर देऊ शकत नाही. "हे प्रभू, आमच्यातल्या काहींचे डोळे उघड" ही प्रार्थना नाही. तो डोळे मिटून मारलेला टोमणा आहे, आणि ज्याला लागायचा त्याला तो लागतो.

प्रार्थनेचा क्रम असा ठेवावा: प्रथम ज्यांना झळ बसली ते, मग त्या प्रसंगातल्या सर्व बाजूंचे लोक, मग राज्यकर्ते, आणि शेवटी आपली स्वतःची कबुली. मणिपूरचे उदाहरण घेऊ. ३ मे २०२३ पासूनच्या हिंसाचारात कुकी आणि मैतेई, दोन्ही समाजांतली माणसे मेली, बेघर झाली. जाळल्या गेलेल्या प्रार्थनास्थळांत मैतेई ख्रिस्ती मंडळ्यांचीही चर्च होती. तेव्हा प्रार्थना करताना "आपल्या लोकांना वाचव" एवढ्यावर थांबणे हे सत्यालाही धरून नाही. छावण्यांतल्या कुटुंबांसाठी, दोन्ही समाजांतल्या आयांसाठी, कायदा राखणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी आणि राज्यकर्त्यांना न्यायाची बुद्धी मिळावी म्हणून मागावे. राज्यकर्त्यांचा उल्लेख पदाने करावा, विशेषणाने करू नये.

पडताळणी: प्रार्थना लिहून काढावी आणि ज्याचा पक्ष आपल्याला अजिबात पटत नाही असा सभासद तिला "आमेन" म्हणू शकेल का, हे स्वतःला विचारावे. त्याला म्हणता येणार नाही असे वाक्य सापडले, तर ते श्रद्धेमुळे आहे की आपल्या रागामुळे, ते पाहावे. श्रद्धेमुळे असेल तर ठेवावे.

## टप्पा ५: मंडळीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप

सगळ्यात जास्त नुकसान येथे होते. समोरासमोर भेटल्यावर "सलाम" म्हणून हात पुढे करणारी माणसे ग्रुपवर एकमेकांना देशद्रोही आणि विकाऊ ठरवतात. त्यात आखातात किंवा बंगळुरूला गेलेली मुलेही त्याच ग्रुपवर असतात. त्यांना इथला सूर आणि चेहरा दिसत नाही, फक्त शब्द दिसतात.

पहिले काम ग्रुप दोन करण्याचे. एक सूचनांचा, ज्यावर फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील: उपासनेची वेळ, आजारी सभासद, दफनविधी, वचनपाठ. दुसरा मोकळ्या गप्पांचा, ज्यात राहणे ऐच्छिक असेल. हे आचारसंहितेपूर्वी करावे. भांडणानंतर केले तर सूचनांचा ग्रुप ही शिक्षा वाटते. दोन्ही ग्रुपचे अ‍ॅडमिन भिन्न राजकीय मतांचे निदान दोघे असावेत, आणि संदेश काढून टाकायचा तर दोघांची संमती घ्यावी.

दुसरे काम फॉरवर्डच्या नियमाचे. दुहेरी बाणाचे चिन्ह असलेला, म्हणजे अनेकदा पुढे पाठवला गेलेला संदेश ग्रुपवर टाकायचाच नाही, एवढा एकच नियम निम्मी भांडणे टाळतो. तो कोणत्याही पक्षाच्या बाजूचा नाही, चिन्ह सगळ्यांना दिसते, आणि खरे-खोटे ठरवण्याची जबाबदारी अ‍ॅडमिनवर येत नाही.

नियम मोडला गेल्यावर क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

१. ग्रुपवर उत्तर देऊ नये. हसण्याचे किंवा अंगठ्याचे चिन्हही टाकू नये. तेही मतदान मोजल्यासारखे मोजले जाते.

२. अ‍ॅडमिनने पाठवणाऱ्याला फोन करावा. खाजगी संदेश हा फोनला पर्याय नाही, कारण त्याचा स्क्रीनशॉट दहा मिनिटांत फिरतो.

३. फोनवर आधी माणसाची विचारपूस करावी, मग सरळ मुद्द्यावर यावे: "मामा, सकाळचा तो व्हिडिओ आपल्या नियमात बसत नाही. तुम्हीच काढलात तर बरं होईल."

४. माहिती खोटी असल्याची खात्री असेल, तर दुरुस्ती ग्रुपवर टाकावी, पण पाठवणाऱ्याचे नाव न घेता आणि एकाच वाक्यात.

५. तासाभरात संदेश निघाला नाही, तर अ‍ॅडमिनने तो काढावा आणि काढल्याचे त्या व्यक्तीला कळवावे.

सावधान: रात्री दहानंतर आलेल्या राजकीय संदेशाला रात्रीच उत्तर देऊ नये. राग सूर्यास्तापलीकडे नेऊ नये हे वचन (इफिस ४:२६) मध्यरात्री टाइप करण्याचा परवाना म्हणून पुष्कळदा पुढे केले जाते. राग सोडायला सांगितले आहे, पाठवायला नव्हे.

## टप्पा ६: दोघांमधले संभाषण

कलस्सैकरांस पत्रात (४:६) बोलणे कृपायुक्त आणि मिठाने रुचकर केल्यासारखे असावे, असे सांगितले आहे. येथे नुसते गोड बोलणे अपेक्षित नाही. मत लपवून "सगळेच पक्ष सारखे" म्हणणाराही संभाषण बिघडवतो, कारण समोरच्याला त्याचे खरे उत्तर कधीच मिळत नाही.

बोलण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. ठिकाण: चार जणांसमोर सुरू झालेला विषय दोघांत आणावा. वेळ: उपासनेनंतर लगेच, घरी जायच्या घाईत नको. आणि स्वतःची तयारी: समोरच्याच्या मताचे सर्वांत बळकट कारण आपल्याला सांगता येते का? येत नसेल तर ही भेट ऐकण्यासाठी आहे, पटवण्यासाठी नाही. ऐकण्याआधी उत्तर देणाऱ्याला नीतिसूत्रांत (१८:१३) मूर्ख म्हटले आहे.

बोलताना क्रम असा: प्रश्न, परत सांगणे, होकार मिळवणे, आणि मगच आपले म्हणणे. तरुण संघातला मुलगा आणि एक निवृत्त शिक्षक यांच्यात हे कसे घडू शकते ते पाहू. नेहमीची सुरुवात अशी असते: "काका, तुमच्यासारखे लोक त्यांना मत देतात म्हणून आपल्या समाजाची ही अवस्था आहे." यानंतर काका ऐकत नाहीत, बचाव करतात. तेच संभाषण नीट सुरू केले तर:

"काका, आपलं मत वेगळं आहे हे मला ठाऊक आहे. पण तुम्ही त्यांना मत देता त्याचं मुख्य कारण काय, ते समजून घ्यायचंय."

"अरे, पंधरा वर्षं आपल्या वस्तीत टँकर यायचा. त्या माणसाने पाइपलाइन आणली. पक्ष कोणता, ते मी बघत नाही."

"म्हणजे तुम्ही माणसाला मत देता, पक्षाला नाही. बरोबर समजलो ना?"

"हो, अगदी बरोबर."

"मग माझी अडचण सांगू? गेल्या वर्षी मावशीकडच्या प्रार्थनेच्या वेळी काही लोक दाराशी येऊन आरडाओरडा करून गेले, पोलीसही आले. तेव्हापासून तिच्या घरी प्रार्थना बंद आहे. त्या पक्षाचं नाव ऐकलं की मला तिचा चेहरा आठवतो."

"हे मला कोणी सांगितलं नव्हतं रे."

दोघांपैकी कोणाचे मत बदलले, हे येथे महत्त्वाचे नाही. मुलाने आरोपाऐवजी घडलेली गोष्ट ठेवली, काकांना आधी पूर्ण बोलू दिले, आणि "समाजाची अवस्था" हा मोठा शब्द टाळून एका घराचे बोलला. काकांनीही "पण" लावून उत्तर दिले नाही. त्याला पाइपलाइन नाकारावी लागली नाही आणि त्यांना मावशीची भीती.

टाळायच्या गोष्टी थोड्या आहेत पण हट्टी आहेत. समोरच्याचा हेतू सांगू नये ("तुम्हाला पैसे मिळाले असतील"). आडनावावरून, मूळ गावावरून किंवा पूर्वजांच्या जातीवरून मताचे कारण लावू नये. मराठी मंडळ्यांतल्या राजकीय भांडणात हे विष फार लवकर उतरते. वचन शेवटचा घाव म्हणून वापरू नये. आणि दुसऱ्या संप्रदायाला मध्ये ओढू नये: "रोमन लोक तसेच" किंवा "ते हालेलुयावाले तसेच" अशा, कॅथलिक किंवा पेंटेकॉस्टल लोकांना लावलेल्या वाक्याने निवडणुकीचा वाद पन्नास वर्षे जुन्या वादाला जोडला जातो. बारा शिष्यांत रोमी सत्तेसाठी कर गोळा करणारा मत्तय होता आणि जिलोत (रोमी सत्तेचा कट्टर विरोधक) म्हणवला जाणारा शिमोनही होता (लूक ६:१५). दोघांना एकाच ताटात जेवावे लागले, हे बोलण्याआधी आठवावे.

थांबण्याची खूण: तेच वाक्य दोघांपैकी कोणी तिसऱ्यांदा म्हटले की विषय त्या दिवसापुरता संपवावा आणि "पुढच्या आठवड्यात पुन्हा बसू" असे म्हणून दिवस ठरवावा. दिवस न ठरवता उठणे म्हणजे रुसून उठणे.

## टप्पा ७: बिनसल्यावर

मत्तय १८:१५-१७ मधला क्रम सर्वांना पाठ असतो आणि जवळजवळ कोणीच तो पाळत नाही. पहिली पायरी एकट्याने जाऊन बोलण्याची आहे. प्रत्यक्षात गोष्ट आधी महिला सभेत किंवा घरगुती प्रार्थनेत "प्रार्थनेचा विषय" म्हणून पोहोचते, आणि ज्याच्याबद्दल प्रार्थना झाली त्याला ते दोन दिवसांनी बाहेरून कळते. नाव घेऊन किंवा ओळखू येईल अशा वर्णनासह असा विषय मांडला गेला, तर सभा चालवणाऱ्या ताईंनी तिथेच विचारावे: "तुम्ही त्यांच्याशी बोललात का?" नाही म्हटले, तर विषय पुढे ढकलावा.

ज्याच्या हातून चूक झाली त्यानेही वाट पाहत बसू नये. मत्तय ५:२३-२४ मध्ये अर्पण वेदीपाशी ठेवून आधी समेटाला जाण्याची आज्ञा त्याला आहे. माफीची चार अंगे असावीत: नेमके शब्द, त्यातली चूक, "पण" नसलेला शेवट, आणि जिथे अपमान झाला तेच ठिकाण. ग्रुपवर केलेल्या अपमानाची माफी खाजगीत मागून भागत नाही. "मंगळवारी मी दादांना 'विकाऊ' म्हटलं. ते खोटं होतं आणि मला तसं म्हणायचा अधिकार नव्हता. मी त्यांची माफी मागतो." एवढे पुरे. "कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर" हे वाक्य वापरायचे असेल, तर माफी न मागणे बरे.

दुसरी पायरी एक-दोन साक्षीदारांची. त्यांतला एक जण दुसऱ्या बाजूला मत देणारा असलाच पाहिजे, नाहीतर ते शिष्टमंडळ होते. पहिला बोलणारा नेहमी खरा वाटतो, दुसरा येऊन तपासेपर्यंत (नीतिसूत्रे १८:१७), म्हणून दोघांचे म्हणणे एकाच बैठकीत ऐकावे.

तिसरी पायरी मंडळीपुढे नेण्याची. ती खोटा आरोप, शिवीगाळ, धमकी अशा गोष्टींसाठीच आहे. कोणी कोणाला मत दिले यासाठी ती कधीही वापरू नये, आणि प्रभुभोजनापासून (येशूच्या स्मरणार्थ एकत्र भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीपासून) दूर ठेवण्याची भाषा मताच्या कारणावरून तर उच्चारूच नये. दुसऱ्या टप्प्यातला कायदा येथेही लागू आहे.

ज्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असते, तिथे त्या रविवारपासून उलटे मोजून समेटाच्या भेटी ठरवाव्यात. करिंथकरांना पौलाने फटकारले ते याच मेजावर तट पाडून बसण्याबद्दल (१ करिंथ ११:१८).

सावधान: जातीवाचक शिवी, मारहाणीची धमकी किंवा स्त्रीबद्दलची घाणेरडी भाषा हा मतभेद नाही. तिथे पायऱ्या चढत बसू नये. कमिटीने त्याच दिवशी दखल घ्यावी, आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याला पोलिसांत जाण्यापासून एकीच्या नावाने अडवू नये. असे अडवून मंडळीची बाहेरची अब्रू राहते आणि आतला माणूस जातो.

## टप्पा ८: निकाल आणि त्यानंतरचे दोन आठवडे

निकालाच्या दिवशी गप्पांचा ग्रुपही अ‍ॅडमिनपुरता मर्यादित करावा आणि तसे आदल्या दिवशी कळवावे. चर्चच्या फाटकावर अभिनंदनाचा फ्लेक्स लागू देऊ नये, विजयी उमेदवार मंडळीचा सभासद असला तरी. त्याच्यासाठी पुढच्या उपासनेत पदाच्या जबाबदारीची प्रार्थना करावी. सत्कार करायचा तर कुटुंबाने घरी करावा.

निकालानंतरच्या पहिल्या रविवारी पाळकांनी निकालावर भाष्य करू नये. राज्यकर्त्यांसाठीची प्रार्थना निवडणुकीपूर्वी ज्या शब्दांत होत होती, त्याच शब्दांत करावी. शब्द बदलले की लोक ओळखतात.

उपस्थितीची वही मात्र त्या रविवारी आणि पुढच्या रविवारी नीट पाहावी. जे कुटुंब दोन्ही वेळा आले नाही, त्यांच्याकडे तिसऱ्या रविवारच्या आत कोणीतरी जावे. पदाधिकाऱ्याने जाऊ नये, आणि ज्याच्याशी वाद झाला त्यानेही पहिल्या भेटीत जाऊ नये. त्यांच्या गल्लीतली, त्यांच्याकडे एरवीही चहाला जाणारी बाई किंवा काका हा योग्य माणूस. "का येत नाही?" असे विचारू नये. आजारपण, मुलांच्या परीक्षा, शेतातले काम यांची चौकशी करावी, प्रार्थना करू का म्हणून विचारावे, आणि त्यांनी स्वतः विषय काढला तर मध्ये न बोलता शेवटपर्यंत ऐकावे. ऐकलेले कमिटीला सांगायचे असेल, तर उठण्याआधी त्यांची परवानगी घ्यावी.